अशोक सराफ: इंदूरवाल्यांना आधी माथुर साहेब भेटले, धनंजय माने नंतर

माळवी_मंदार
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज काढतोच. २०२५ च्या जानेवारीत अशोक सराफांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या ग्रुपवर एकच फोटो फिरत होता, 'अशी ही बनवाबनवी'तला, धनंजय मानेचा. त्याच्या आधी महाराष्ट्र भूषण मिळाला तेव्हाही तोच. आता तो सिनेमा ग्रेट आहे ह्यात वादच नाही, पण माझ्या वयाच्या इंदूरच्या मराठी पोरांना विचारा, हा माणूस आपल्या घरात आला तो १९९५ मध्ये, झी टीव्हीवर, 'हम पाँच'चा आनंद माथुर बनून. पाच पोरी, एक जिवंत बायको, एक भिंतीवरच्या फ्रेममधली बायको आणि मध्ये हा पिचलेला बाप. शाळेत हिंदी मित्र विचारायचे, अबे तेरे वाले हैं ना ये, मराठी? तेव्हा कॉलर टाइट व्हायची यार. अल्फा मराठी आलं १९९९ मध्ये, त्यानंतर कुठे आम्ही त्यांचे मराठी सिनेमे एकामागून एक पाहिले. म्हणजे पूर्ण करिअर उलट्या बाजूने पाहिलं.
तर माझं म्हणणं असं की 'हम पाँच' हे त्यांचं साइड काम नाही, अव्वल काम आहे, आणि पुण्या-मुंबईचे लोक त्याला उगाच हलक्यात घेतात. आणि दुसरा सवाल, टीव्हीवर इतकं नाव झालेल्या माणसाला हिंदी सिनेमाने एक धड रोल का दिला नाही?

गरम_जलेबी
घाईघाईत नुसतं 'सराफ' आणि 'इंदूर' वाचलं आणि आपला सराफा, रात्रीचा खाऊबाजार, तिथे रात्री कुठे काय खायचं ह्याचा धागा समजून उघडला. आता आलोच आहे तर बसतो.

रामबागच्या_काकू
मंदार, तुझ्या पिढीचं तू बोल, सगळ्या इंदूरचं नको बोलू. आम्हाला ते माथुर व्हायच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमा लागायचा पण मराठीची पाळी कधीमधीच यायची आणि आलीच तर गंभीर सिनेमा, दुपारच्या झोपेची सोय. विनोदी सिनेमे यायचे ते व्हीसीआरवर. उन्हाळ्यात पुण्याहून नणंद आली की पिशवीत चितळ्यांची बाकरवडी आणि कॅसेट. मग एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून लागोपाठ तीन सिनेमे, अर्धा वाडा आमच्या पुढच्या खोलीत. 'गंमत जंमत', 'धूमधडाका', 'नवरी मिळे नवऱ्याला' सगळे असेच पाहिले. 'हम पाँच' लागली तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, अगोबाई, हा हिंदीत काय करतोय, ह्याला तिकडे काम नाही का.

सदाशिव_पेठी
पुण्या-मुंबईचे लोक म्हटलंय म्हणून लिहितो. हलक्यात घेत नाही, पण 'हम पाँच' म्हणजे आरडाओरडा, चित्रविचित्र कपडे आणि प्रत्येक वाक्यामागे रेकॉर्ड केलेला हशा. कुठे हसायचं ते मशीन सांगणार. बनवाबनवीला असला हशा लागला नाही, थेटर हसत होतं. त्या माणसाने विजया मेहतांच्या हाताखाली 'हमीदाबाईची कोठी' केलंय, त्याचं मोजमाप एकता कपूरच्या मालिकेवरून करायचं?

माळवी_मंदार
@सदाशिव_पेठी मोजमाप नाही करत भाऊ, मोजताना तेही धरा म्हणतोय. आणि बालाजीची सास-बहू नंतर आली, ही त्याच्या आधीची गोष्ट आहे.

झोपाळू_मांजर
काजलभाई!!! आणि ती 'आंटी मत कहो' वाली पूजा आंटी!!! आणि पाच पोरींतली राधिका म्हणजे विद्या बालन, हे मला कॉलेजमध्ये कळलं तेव्हा मी अर्धा तास सुन्न.

नाटकवेडी
रेकॉर्डेड हशाबद्दल सदाशिवरावांशी सहमत, तो हशा काढून बघायला मिळायला हवं होतं. पण तसं पाहिलं असतं तर मंदारचं म्हणणं उलट जास्त पटलं असतं. मी हौशी रंगभूमीवर काम करते (इंदूरमध्येच, छोटीमोठी कामं, उगाच मोठेपणा नाही) आणि आमच्याकडे नव्या पोरांना एक गोष्ट शिकवताना नाकी नऊ येतात, ती म्हणजे स्वतःचं वाक्य नसताना काय करायचं. पोरं एकतर दगडासारखी उभी राहतात नाहीतर मागे चाळे करत बसतात. 'हम पाँच'मध्ये पंचलाइन बहुतेक वेळा मुलींची. मीनाक्षी स्त्रीमुक्तीचं भाषण ठोकणार, स्वीटी स्वतःच्या सौंदर्यावर बोलणार, काजल कुणाला तरी बदडून येणार. माथुरच्या वाट्याला फक्त ते ऐकणं. आणि हसू येतं ते त्या ऐकण्यावर! डोळे आधी फिरतात, मान नंतर वळते, तोंड उघडतं पण शब्द गिळले जातात. हे मध्यमवयीन बापाचं मौन त्यांनी वर्षानुवर्षं केलं आणि तरी कंटाळा आला नाही.
दुसरं, तो फोटोफ्रेमवाला प्रकार. फ्रेममध्ये प्रिया तेंडुलकर, ती हलणार नाही, फक्त चेहरा आणि आवाज. म्हणजे ह्याला भिंतीशी बोलायचंय आणि तरी तो नवराबायकोचा सीन वाटला पाहिजे. ती टोमणा मारते, हा एक सेकंद थांबतो, जिवंत बायको ऐकतेय का ते बघतो, मग हळूच उत्तर देतो. तो एक सेकंद स्टेजवरून आलेला आहे, स्क्रिप्टमध्ये कुणी लिहून देत नाही. दोघंही मराठी नाटकातली माणसं, हिंदी मालिकेत, आणि देशभरातल्या लोकांना पत्ता नाही की आपण काय बघून राहिलोय.

गरम_जलेबी
भिया, ही ताई धागा सीरियस करून राहिली.

निवृत्त_रोखपाल
नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे एक मुद्दा माझ्या बाजूने. अशोक सराफ हे जवळपास दहा वर्षे बँकेत नोकरीला होते. आजच्या मुलांना ह्याचं महत्त्व कळणार नाही. त्या काळात मराठी घरात बँकेची नोकरी म्हणजे कल्याण झालं, मुलीचे वडील पत्रिका नंतर बघत, आधी शाखा विचारत. आमच्याही शाखेत नाटकवाले होते, दिवसा लेजर आणि संध्याकाळी तालीम, आंतरबँक स्पर्धांमध्ये बक्षिसं घ्यायचे, पण राजीनामा कुणी दिला नाही. सगळे माझ्याबरोबरच पेन्शनीत निघाले. नोकरी सांभाळत रंगभूमी करणं आणि मग एका वयात ती सोडून विनोदी नट म्हणून पोट भरायला निघणं, तेही मराठी सिनेमाच्या भरवशावर, ह्याला छाती लागते. त्यांच्या माथुरमध्ये किंवा मान्यांमध्ये जो पैशांची जुळवाजुळव करणारा माणूस दिसतो ना, तो आम्ही काउंटरच्या अलीकडून रोज बघत होतो. त्यांनीही बघितला असणार.

रामबागच्या_काकू
रोखपालसाहेब, आमच्या ह्यांना पण नाटकात काम मिळालेलं, सासऱ्यांनी पाठवलं नाही. अजून ऐकवतात.

सतरा_खोल्यांचा_वाडा
अशोकमामा म्हणजे पांडू हवालदार, विषय कट!

ग्वाल्हेरचा_गडी
विषय कट कसा, पांडू दादा कोंडके होते. १९७५ चा सिनेमा, त्यात अशोक सराफ सखाराम हवालदार. तिथूनच तर लोकांनी त्यांना ओळखायला सुरुवात केली. दादांच्या समोर उभं राहून स्वतःचा हशा घेणं म्हणजे खायचं काम नव्हे, दादा सगळं थेटर खिशात घालायचे.

सतरा_खोल्यांचा_वाडा
मग 'गुप्त'मध्ये त्यांचं नाव पांडू होतं ते काय?

ग्वाल्हेरचा_गडी
होतं ना, हवालदार पांडू, १९९७. हिंदीवाल्यांनी मराठीतलं नाव उचललं, माणसाचं काय करायचं ते कळलं नाही. आता ही लिस्ट बघा: १९७५ मध्ये हवालदार, १९९७ मध्ये हवालदार, २०११ मध्ये 'सिंघम'मध्ये हेड कॉन्स्टेबल सावळकर. छत्तीस वर्षांत एक प्रमोशन.

गरम_जलेबी
छत्तीस वर्षांत एक 😂😂 आमच्या काकांना सरकारी खात्यात तेवढंही नाही मिळालं.

नाटकवेडी
हसण्यावारी नेलं तरी ग्वाल्हेरकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मराठी नट हिंदीत गेला की त्याच्यासाठी दोनच कपडे शिवून तयार, हवालदाराचे नाहीतर घरगड्याचे. लक्ष्मीकांत बेर्डेंना बघा, 'मैंने प्यार किया' १९८९, 'हम आपके हैं कौन' १९९४, दोन्हीकडे घरातला नोकर. प्रचंड चालले, लोकांनी डोक्यावर घेतलं, पण इकडे जो माणूस सिनेमा स्वतःच्या नावावर चालवत होता तो तिकडे चहाचा ट्रे घेऊन.

सदाशिव_पेठी
आणि हे तुम्हीच सांगताय! मग मंदारला उत्तर मिळालंच की. हिंदीला गरज नव्हती. तिकडे कादर खान, जॉनी लिव्हर, शक्ती कपूर, परेश रावल सगळे बसलेले. 'करण अर्जुन' आणि 'हम पाँच' एकाच वर्षी आले, १९९५. त्या वर्षी अशोक सराफ अठ्ठेचाळीस वर्षांचे. त्या वयात हिंदीत नवा चेहरा म्हणून कोण घेणार.

माळवी_मंदार
वयाचं पटत नाही. बनवाबनवी आली २३ सप्टेंबर १९८८ ला, तेव्हा ते एक्केचाळीसचे होते, सचिन एकतीसचे, लक्ष्या तेहतीसचा, आणि चौघं एकाच खोलीत राहणारे कडके मित्र म्हणून आपण बिनबोभाट मान्य केले. उलट त्या वयामुळेच धनंजय माने बनला, बाकीच्यांना ओढून नेणारा, खोटं बोलून झाल्यावर आधी स्वतःच घाबरणारा. हिंदीवाल्यांनी वय बघितलं असेल तर त्यांना बघता आलं नाही असं मी म्हणेन.

खंडवा_जंक्शन
आमचा पण एक हिस्सा ह्या धाग्यात लिहून ठेवा. 'धूमधडाका' (१९८५) ज्या 'प्यार किये जा' वरून घेतलाय, त्यात मित्राचा खोटा श्रीमंत बाप बनायचं काम कुणी केलं? किशोर कुमारने. खंडव्याचा. शिकला कुठे? इंदूर ख्रिश्चन कॉलेजात. मराठीत तेच काम कुणी केलं? अशोक सराफने. आणि अशोक सराफचं नाव कुणावरून ठेवलं? अशोक कुमारवरून, म्हणजे किशोरदांच्याच मोठ्या भावावरून. तर ह्या माणसावर निम्मा हक्क खंडव्याचा आहे.

गरम_जलेबी
आता किशोरदांच्या कॉलेजच्या कॅन्टीनची उधारी पण अशोकमामांकडून वसूल करणार का 😂

सदाशिव_पेठी
जन्म मुंबईचा, घराणं मूळचं बेळगावचं आणि हक्क खंडव्याचा. वा.

खंडवा_जंक्शन
हो. काही अडचण?

नाटकवेडी
खंडवावाल्यांनी चेष्टेत लिहिलंय पण दोन्ही सिनेमे मुद्दाम पाठोपाठ बघा, मजा येईल. किशोर कुमार म्हातारा होतो तेव्हा अंगात वारं शिरल्यासारखा उधळतो, त्याला कोण अडवणार. अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर एकदम वेगळा. हा श्रीमंत आहे हे दाखवायला हातात पाइप, आणि पाइपची सवय नाही म्हणून ठसका, आणि ठसक्यातून ते व्याख्या-विख्खी-वुख्खू. म्हणजे विनोद कुठून आला? खोटं पकडलं जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या माणसाच्या घशातून. सोंग घेतलेला माणूस सोंगात पूर्ण मावत नाही, थोडा बाहेर सांडतो, त्या सांडण्यावर सगळा हशा. त्यांची कितीतरी कामं ह्याच जातीची आहेत.
आणि म्हणूनच हिंदीत जमलं नसावं असं मला वाटतं. तेव्हाच्या हिंदी सिनेमात कॉमेडीचा ट्रॅक वेगळा काढून ठेवलेला असायचा, हिरोची गोष्ट थांबणार, विनोदी नट येऊन दहा मिनिटं धुमाकूळ घालून जाणार, मग गोष्ट पुढे. ह्यांना गोष्टीच्या आत अडकलेलं राहावं लागतं, काहीतरी लपवायला लागतं, नाहीतर हात बांधल्यासारखे होतात. 'येस बॉस'मध्ये शाहरुखच्या मित्राचं काम बऱ्यापैकी आत होतं, तिथे बघा किती मोकळे वाटतात.

बडोदेकर_सून
मी बडोद्याची, सासर इंदूर. आमच्याकडे 'हम पाँच' गुजराती शेजारी पण आवडीने बघायचे कारण मीनाक्षी म्हणजे वंदना पाठक, ती त्यांची. एकाच सोफ्यावर आई म्हणायची आपले अशोक सराफ आणि बाजूच्या मासी म्हणायच्या अमारी वंदना. दोघी खुश. असा कार्यक्रम आता होत नाही.

ग्वाल्हेरचा_गडी
@नाटकवेडी मस्त लिहिलंत, पण 'करण अर्जुन'चा मुंशीजी विसरू नका. तोही भितीने अर्धा मेलेलाच माणूस आहे आणि त्याचा तो ठाकूरवाला डायलॉग आमच्या मोहल्ल्यात अजून चालतो, क्रिकेटमध्ये कुणी आउट झाला की. तीन तासांत बदला, पुनर्जन्म, देवी, राखी, अमरीश पुरी, आणि लोकांना लक्षात मुंशीजी.

निवृत्त_रोखपाल
विनोदाबाहेरची कामंही नोंदवली जावीत असं सुचवतो. 'कळत नकळत', 'चौकट राजा', आणि १९९४ चा 'वजीर'. राजकारणावरचा सिनेमा, विक्रम गोखले समोर. त्यात हा माणूस एकदाही हसवायला बघत नाही. मी थिएटरमधला अनुभव सांगतो, सुट्टीत पुण्याला गेलो असताना पाहिला होता. सुरुवातीला ते पडद्यावर आले तेव्हा प्रेक्षक सवयीने हसले, मग दोनचार प्रसंगांत ते हसणं बंद झालं.

सतरा_खोल्यांचा_वाडा
चांगल्या कामांबरोबर वाईट पण लिहा ना मग. नव्वदीच्या शेवटी आणि दोन हजार नंतर त्यांनी असे काही मराठी सिनेमे केलेत की सुरुवातीची नावं पडतानाच कळतं कुणीतरी सबसिडीसाठी काढलाय. तीच साडी नेसलेली माणसं, तोच बंगला, तोच गैरसमज. मामा त्यातही जीव तोडून करायचे पण सिनेमात दुसरं कुणी तोडत नव्हतं.

रामबागच्या_काकू
हे मात्र खरं. मी दोन बघून तिसरा बंद केला. माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे.

निवृत्त_रोखपाल
काकू, बँक सोडलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. दर महिन्याची एक तारीख गेलेली असते हातातून.

झोपाळू_मांजर
मी ह्या धाग्यातली सर्वात लहान बहुतेक. आम्हाला धनंजय माने आधी मीम म्हणून भेटला 🙈 सिनेमा नंतर. कॉलेजमध्ये हिंदी मैत्रिणींना पण स्टिकर पाठवते, त्यांना मराठी येत नाही पण चेहरा बघून बरोबर समजतं कुठे वापरायचं. एकीने मला विचारलं ये अंकल कौन हैं, मी म्हटलं तुझ्या मम्मीला विचार. तिने विचारलं. मम्मी म्हणाली, अरे ये तो माथुर साब.

माळवी_मंदार
हे घ्या सदाशिवराव!!

सदाशिव_पेठी
एका मम्मीवरून सिद्धांत मांडू नका.
पण ठीक आहे, एक सांगतो. मी 'व्हॅक्यूम क्लीनर' पाहिलं बालगंधर्वला, निर्मिती सावंतांबरोबरचं. नवराबायकोची अदलाबदल होते, म्हणजे बाईचं मन ह्यांच्या शरीरात. सत्तरी ओलांडलेला माणूस. मला धास्ती होती की आता लचकणं मुरडणं सुरू होणार आणि मला मान खाली घालून बसावं लागणार. तसं काही झालं नाही. त्यांनी फक्त ऐकायची पद्धत बदलली. समोरचा बोलताना मान किती कलते, हात कुठे ठेवले जातात, बस. नाटकवेडी ह्यांनी वर जे ऐकण्याबद्दल लिहिलंय ते मी तिथे बघितलं. ते त्यांनी नाटकात कमावलं, 'हम पाँच'मध्ये खर्च केलं असं मी म्हणेन.

नाटकवेडी
खर्च कशाला, व्यवहार झाला. स्टेजवर रिॲक्शन शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावी लागते, टीव्हीत कॅमेरा फुटभरावर. मालिकेत आठवड्यामागून आठवडे तोच माणूस करायचा म्हणजे रोज थोडं कमी करून बघता येतं, कमी करून चालतंय का, अजून कमी केलं तर? १९९५ पासून १९९९ पर्यंत ती मालिका चालली. एवढा रियाज फुकट गेला असेल असं मला नाही वाटत. 'धूमधडाका'चे अशोक सराफ आणि अलीकडच्या 'अशोक मा. मा.' मालिकेतले अशोक सराफ शेजारी ठेवा, हातवारे किती कमी झालेत बघा. वय आहेच, पण नुसतं वय नाही.

बडोदेकर_सून
इंदूरला चांगलं नाटक आलं की आमच्या घरात सीटवरून जे नाटक होतं ते वेगळंच. सासूबाई सानंदच्या (इथे मराठी नाटकं आणणारी संस्था) सभासद, पास दोन, माणसं पाच.

गरम_जलेबी
पाच? 'हम पाँच' 😂

माळवी_मंदार
चला, मूळ सवालावर येतो, नाहीतर खंडवावाले धागा घेऊन जातील. माझं मत थोडं सरकलंय पण हललेलं नाही. सिनेमात अशोक सराफ म्हणजे एक युक्ती काढणारा माणूस, भानगड करून निस्तरणारा. अडीच तासांत तो जिंकतो. 'हम पाँच'मध्ये तो कधीच जिंकत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच घरात, त्याच पोरी, तीच फ्रेम. हरलेल्या माणसाला इतकी वर्षं आवडता ठेवणं सिनेमात त्यांना करायलाच लागलं नाही. म्हणून मी ते काम बनवाबनवीच्या खाली नाही, शेजारी ठेवतो. आणि हिंदी सिनेमाने रोल का नाही दिला ह्याचं उत्तर मला वाटतं धाग्यात आलंय, त्यांच्याकडे हवालदाराचा ड्रेस तयार होता, माणसाचा नव्हता.

सदाशिव_पेठी
शेजारी नाही. एक पायरी खाली. पण आधी मी तीन खाली ठेवली असती.

रामबागच्या_काकू
तुम्ही दोघं पायऱ्या मोजा. मला विचाराल तर निवेदिता आणि ते समोरासमोर असलेले सिनेमे सगळ्यात वर. लग्न १९९० चं, पण पडद्यावर त्यांचं भांडण आधीपासून खरं वाटायचं.

खंडवा_जंक्शन
ॲडमिन, खंडव्याच्या हक्काचा मुद्दा अजून उघडा आहे, कृपया धागा बंद करू नये.

झोपाळू_मांजर
आज शनिवार आहे आणि घरी कुणी नाही. 'धूमधडाका' बघू की 'वजीर'? पटकन सांगा.

निवृत्त_रोखपाल
वजीर. जेवून मग बसा, मध्ये उठू नका.

गरम_जलेबी
धूमधडाका. जेवायला तिथेच घेऊन बस, फक्त पाइपच्या सीनला पाणी पिऊ नको.